घरचं काम

माझ्या भावाचं बोलणं कळायला वेळ द्यावा लागतो. अविनाशला जन्मताना श्वास उशिरा मिळाला, आणि मेंदूला जी इजा झाली ती त्याच्या हातापायांत आणि जिभेत उतरली. बुद्धीला काही झालं नाही. रोजचा पेपर त्याला वाचून दाखवावा लागतो आणि त्यावरची त्याची मतंही ऐकून घ्यावी लागतात. पण ती बाहेर पडताना शब्दांची टोकं झिजतात, मधली अक्षरं गळतात. आईला त्याचं सगळं कळायचं. मला निम्मं. बाकीचे लोक न कळताच मान डोलवायचे आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने "हो, हो" म्हणायचे. त्याची अवीला फार चीड होती.

हरेश्वरभाऊ आमच्याकडे आले तेव्हा अवी एकेचाळीस वर्षांचा होता आणि आई बहात्तरची. तिचे गुडघे गेले होते. अवीला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना ती दोनदा त्याच्यासकट पडली होती. दुसऱ्यांदा पडली ते आम्हाला तिने सांगितलंच नाही, अवीने सांगितलं. मग मी माणूस शोधायला लागले. पुरुषमाणूस मिळणं कठीण. वसईतल्या आमच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या औषधाच्या दुकानदाराने नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, काटक, पिकत आलेल्या मिशांचा माणूस सायकल इमारतीखाली लावून वर आला. नायगावच्या पुढे खाडीकाठच्या एका गावातला. घरची थोडी भातशेती, थोडी भाजीची वाडी.

मी विचारलं, "हे काम कुठे शिकलात?"

"शिकलो नाय," ते म्हणाले. "बा माडावरून पडला. नऊ वर्सं खाटंवर होता. मग लोक बोलवायला लागले."

एवढं बोलून त्यांनी हातपाय धुवायची जागा विचारली. धुऊन आले, पंचाला हात पुसले आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरात चोळत अवीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. थंडी वाजतेय का, असं आईने विचारलं. "नाय काकी. थंड हात लागला की यांचं अंग आखडंल." पुढची सात वर्षं रोज सकाळी मी तो तळवे चोळल्याचा आवाज ऐकला. वैशाखातसुद्धा.

अवीशी त्यांचं पहिलं बोलणं मला आठवतं, कारण त्यात ते सपशेल हरले होते. अवी काहीतरी म्हणाला. भाऊ खाली वाकून म्हणाले, "नाय कळलं. परत सांगा." अवी परत म्हणाला. "परत सांगा." असं पाच-सहा वेळा झालं. मी मध्ये पडून सांगणार होते, तर अवीनेच मला डोळ्यांनी गप्प केलं. शेवटी भाऊंना कळलं. अवी त्यांना विचारत होता, तुम्ही घोरता का? भाऊंनी गंभीरपणे सांगितलं, "घोरतो. पन दुपारी नाय झोपत." अवी इतका हसला की खुर्ची हलली. न कळलेलं कळलं असं ते कधीच दाखवायचे नाहीत. 'परत सांगा' म्हणायची त्यांना लाज नव्हती, आणि महिन्याभरात अवीचं सगळं बोलणं त्यांना यायला लागलं. त्याला ते 'अवीशेट' म्हणायचे, आणि 'तुम्ही'.

पहिला महिना आईला फार जड गेला. एकेचाळीस वर्षं तिने कोणाला त्याच्या अंगाला हात लावू दिला नव्हता. ती मोरीच्या दाराशी स्टूल टाकून बसायची आणि सूचना द्यायची. आधी पाय. मग पाठ. कानामागे साबण राहतो. भाऊ प्रत्येक गोष्ट तिला विचारून करायचे. "काकी, आता डावा हात घेऊ?" "काकी, पानी एवढं चालंल?" दाढी करताना अवीची मान मध्येच झटका देते, म्हणून आई वस्तरा सोडून कात्रीनेच त्याची दाढी कापायची. भाऊ गालाजवळ हात नेऊन नुसते थांबायचे. मान शांत झाली की एक फटकारा, परत थांबायचं. एका दाढीला पाऊण तास. तरी तेही आईला विचारून.

एकदा ते निघाले तेव्हा मी लिफ्टपाशी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्हाला हे सगळं येतं. मग आईला कशाला विचारत बसता?"

ते म्हणाले, "त्यांनी एवढी वर्सं केलं. मी काल आलो, आन् बाजूला व्हा म्हनू?"

मग आई आपणहून एक दिवस स्टुलावरून उठली आणि भाजी निवडायला गेली. दुसऱ्या दिवशी तिने स्टूलच टाकलं नाही.

अवीला उचलायची त्यांची एक रीत होती. बगलेत धरून ओढायचं नाही. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि त्याची छाती आपल्या छातीला लागल्याशिवाय उभं राहायचं नाही. माझ्या नवऱ्याला शिकवताना ते म्हणाले होते, "ओझं डोक्यावर घेतात. मानूस छातीशी घ्यायचा." आणि उचलायच्या आधी अवीला सांगायचं. न सांगता त्याच्या अंगावरची चादरसुद्धा ते काढायचे नाहीत.

अवीला बाहेर काढलं तेही त्यांनीच. आईला लोकांच्या नजरा सोसायच्या नाहीत, त्यामुळे दवाखाना सोडला तर अवीने वसई पाहिलीच नव्हती. भाऊंची बायको, वनितावहिनी, वसईतल्या होळी नावाच्या भागातल्या बाजारात भाजी घेऊन बसायची. एका शनिवारी ते अवीला रिक्षात घालून, खुर्ची मागे बांधून तिकडे घेऊन गेले. आई ते परत येईपर्यंत गॅलरीत उभी होती.

आल्यावर चहा पिताना भाऊंनी हकिगत सांगितली. खुर्ची भाजीच्या टोपल्यांपाशी लावून ते नारळ आणायला दहा पावलं गेले, तेवढ्यात एका बाईने अवीच्या मांडीवर नोट ठेवली आणि नमस्कार करून चालू लागली. वहिनी उठायच्या आत भाऊ आले. त्यांनी बाईंना हाक मारली, "मावशी, तुमचे पैसे पडले." बाई ओशाळल्या, राहू दे म्हणाल्या. तेव्हा अवी काहीतरी बोलला. बाई घाबरून भाऊंकडे बघायला लागल्या.

"मग तो काय म्हणाला?" आईने विचारलं.

"म्हनाले, पैसे नको, मेथी घ्या. वहिनीची मेथी चांगली आहे."

"मग?"

"मग काय, घेतली तिनं. दोन जुड्या."

अवी खुर्चीत बसून ही गोष्ट ऐकत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. त्यानंतर दर शनिवारी तो होळीला जायचा. वहिनी त्याच्यासाठी पिकलेला चिकू वेगळा काढून ठेवायची. तिच्याबद्दल तो घरी येऊन खूप बोलायचा. मी ऐकायचे, पण निम्मंच.

हरेश्वरभाऊ रागावलेले मी एकदाच पाहिले. आईला एक बोलायची सवय होती. आल्यागेल्या प्रत्येकाला ती म्हणायची, "देवाकडे एकच मागणं आहे. अवीला माझ्या एक दिवस आधी ने." अशा मुलांच्या आया हे म्हणतात. आम्हालाही त्यात काही वाटेनासं झालं होतं. एकदा शेजारच्या बाई बसल्या असताना आई तसं म्हणाली. भाऊ अवीला भात भरवत होते. त्यांनी चमचा ताटात ठेवला.

"काकी, ते ऐकतात."

आई म्हणाली, "अहो, त्याला माहीत आहे. मी नेहमीच..."

"एवढी वर्सं ऐकतात ना मग. त्यांना मरायचं नाय. त्यांना विचारा."

शेजारच्या बाई उठून गेल्या. मग आई गुडघे धरत उठली, अवीच्या खुर्चीशी गेली, आणि त्याचा वाकडा हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "चुकले रे." अवी नुसता रडत राहिला. ते वाक्य आई पुन्हा कधी बोलली नाही.

त्यानंतर वर्षभराने ती गेली. सकाळी चहा घेता घेता, काही त्रास न होता. माणसं जमली आणि बैठकीच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. अवीला दाखवायचं की नाही? तो आखडला तर, त्याला फिट आली तर? अग्नी माझ्या नवऱ्याने द्यावा असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. मी रडत होते, मला कशातच लक्ष नव्हतं. भाऊ कोपऱ्यात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अवीशेटला विचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं.

ते आत गेले. तळवे चोळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने अवीला छातीशी धरून ते बाहेर आले, आईजवळ गुडघ्यांवर बसले आणि हळूहळू इतके वाकले की अवीचा गाल आईच्या गालाला टेकला. किती वेळ ते तसे वाकून राहिले, सांगता येणार नाही. त्यांचे हात भरून आले असतील म्हणून माझा नवरा आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी मानेने नाही म्हटलं. स्मशानातही तेच. अवीच्या मुठीत काही टिकत नाही, म्हणून त्यांनी त्याची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि दोघांनी मिळून आईला अग्नी दिला. माझे एक काका नंतर म्हणाले, परक्या माणसाचा हात लागला. मी त्यांच्याशी त्यानंतर फारसं बोलले नाही.

आई गेल्यावर घरात अवी, मी आणि माझा नवरा. आम्ही दोघंही नोकरीवर जाणार. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ घर हरेश्वरभाऊंवर होतं. अशी चार वर्षं गेली. मी त्यांच्यावर किती टेकले होते ते मला कळत नव्हतं, कारण त्यांनी कधी खांदा काढला नाही. रजा घ्यायचे ती गणपतीत दीड दिवस आणि भात लावणीला दोन दिवस.

म्हणून गेल्या वर्षी त्यांनी मधल्याच एका बुधवारची रजा मागितली तेव्हा मला आश्चर्य वाटलं. "ताई, बुधवारी येत नाय. जरा घरचं काम हाय."

त्या बुधवारी आमच्या ऑफिसात वरिष्ठ तपासणीला येणार होते. मी म्हटलं, "भाऊ, पुढच्या आठवड्यात नाही का जमणार?" ते म्हणाले, "बघतो." ते आले बुधवारी. पुढच्या आठवड्यात त्यांनी काही मागितलं नाही, आणि मीही विसरले. तीन आठवड्यांनी परत तेच. "शुक्रवारी घरचं काम हाय, ताई." नवरा नागपूरला गेला होता. मी म्हटलं, "तो येऊ दे, मग तुम्ही दोन दिवस घ्या." ते म्हणाले, "बरं."

त्याच दिवसांत अवी बिघडला होता. मी घरी आले की तो एकच शब्द म्हणत राहायचा. "घरी." मी विचारायचे, "घरी काय? आपण घरीच आहोत ना?" तो परत, "घरी. घरी." त्या शब्दाच्या मागेपुढे आणखी काही असायचं, ते माझ्या हाती लागत नव्हतं. दिवसभराची दमलेली मी, एकदोनदा विचारून सोडून द्यायचे. एका संध्याकाळी तो इतका चिडला की पायाच्या झटक्याने आमटीची वाटी उडाली. भाऊ निघायच्या तयारीत होते. मी त्यांना विचारलं, "भाऊ, हा काय म्हणतोय सारखा?"

ते फडकं घेऊन फरशी पुसायला खाली बसले होते. वर न बघता म्हणाले, "काय नाय ताई. काकी होत्या तवाच्या घराची आठवन येते त्यांना."

अवी किंचाळला. भाऊ उठले, त्याच्या छातीवर हात ठेवून हळू म्हणाले, "राहू द्या, अवीशेट. राहू द्या." मला वाटलं ते त्याला शांत करताहेत. आईची आठवण येत असेल, असं मी नवऱ्याला फोनवर सांगितलं.

तिसऱ्यांदा त्यांनी रजा विचारली नाही, सांगितली. एक दिवस गेले, परत आले. महिनाभर काम केलं. मग एका सकाळी फोन आला, "आता मला नाय जमनार, ताई. कधी येईन सांगता येत नाय." मी अडचणीत सापडले होते. मी म्हटलं, "असं अचानक, भाऊ? निदान आधी सांगायचं ना." ते म्हणाले, "हो, सांगायला पाहिजे होतं." मी फोन ठेवला आणि अवीसमोर त्यांना बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

एका संस्थेकडून दुसरा माणूस मिळाला. अडीच महिन्यांनी भाऊंच्या गावाहून फोन आला. वनितावहिनी गेल्या होत्या.

अवीला घेऊन आम्ही दोघं दहाव्यानंतर त्यांच्या गावी गेलो. रस्त्याच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पाणी भरलेली शेतं. रिक्षा घरापर्यंत गेली. भाऊ ओट्यावरून उठून आले, सवयीने रिक्षात वाकले, एक हात अवीच्या पाठीखाली घातला आणि तसेच अडकले. कमरेत उसण भरली होती. अडीच महिने बायकोला एकट्याने उचलत होते. माझ्या नवऱ्याने अवीला उतरवलं. भाऊ बाजूला उभे राहून त्याचे पाय सांभाळत राहिले.

ओट्यावर वहिनींचा फोटो होता. हार घातलेला. सात वर्षं मी त्यांची मेथी खाल्ली होती आणि तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गोल चेहऱ्याची, कपाळावर मोठं कुंकू असलेली बाई.

भाऊंची भावजय माझ्याजवळ येऊन बसली. मी कोण ते तिला नीट माहीत नसावं. ती सांगू लागली, "छातीत गाठ होती. डाक्टरनी तपासायची तारीख दिलेली, ती चुकली. परत दिली, ती पन चुकली. भाऊजीला कामावरून सुट्टी नाय भेटली. मग मोठ्या हास्पिटलात नंबर लागेपर्यंत..." तिने हात पालथे केले आणि पाणी आणायला आत गेली.

भाऊ अवीजवळ बसले होते. अवी रडत होता आणि ते त्याचं तोंड पुसत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले. काय बोलावं ते मी ठरवलं नव्हतं. म्हटलं, "भाऊ, दवाखान्याचं आहे म्हणून का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. चहात साखर किती, असं विचारल्यावर द्यावं तसं ते उत्तर होतं. मग त्यांनाच राहवलं नसावं. म्हणाले, "गाठ वर्साची होती, ताई. तिनं मला नाय सांगितली. मी तुम्हाला नाय सांगितली." मग फोटोकडे बघून म्हणाले, "तारखेला गेलो असतो तर काय झालं असतं, ते डाक्टर पन सांगत नाय." मला माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर अवीला कपडे बदलून पलंगावर घेतलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

तो हो म्हणाला.

"तेच सांगत होतास मला? त्यांना घरी जाऊ दे म्हणून?"

हो.

"मग मला नीट..." एवढं म्हणून मी थांबले. तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी म्हटलं, परत सांग. तो परत बोलला. मी खाली बसले, कान त्याच्या तोंडाशी नेला. चौथ्यांदा कळलं.

"तू घाईत होतीस."

हरेश्वरभाऊ पुन्हा आमच्याकडे कामाला आले नाहीत. कंबर जायबंदी झाली, उचलण्याचं काम होणार नाही, असं त्यांनी कळवलं. ते खरंच होतं. त्यापलीकडे आणखी काही होतं का, ते मला माहीत नाही. रविवारी त्यांचा अवीला फोन येतो. मी फोन उशीवर ठेवून खोलीबाहेर जाते.

गेल्या महिन्यात एका कामासाठी मी वसईतल्याच पापडी गावात गेले होते. सकाळची वेळ, रिक्षात होते. चर्चपाशी रहदारी अडली म्हणून रिक्षा थांबली, तेव्हा ते मला दिसले. एका आजीबाईंना हाताला धरून ते चर्चच्या पायऱ्यांशी उभे होते. आजींना दिसत नसावं, त्या पावलाने पायरी चाचपत होत्या. भाऊ वर ओढत नव्हते की घाईही करत नव्हते. त्यांचं लक्ष आजींच्या पावलाकडे होतं. पाऊल पायरीवर टेकलं की तेही एक पायरी चढायचे. वर एक बाई आजींना आत न्यायला आल्या.

आतून मिस्साची प्रार्थना सुरू झाल्याचा आवाज आला. भाऊ खाली उतरून आले आणि शेवटच्या पायरीवर, कमरेला हात देत, सावकाश बसले. शर्ट अंगावर सैल झाला होता. मिशा पूर्ण पांढऱ्या. सात वर्षं ते माझ्या घरात होते, पण नुसते बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. हातात नेहमी काहीतरी असायचं, चमचा, फडकं, अवीचं पाऊल. आता दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे पडले होते आणि ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. माझ्या रिक्षाकडेही बघितलं असेल.

रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, इथेच उतरायचंय का?"

मी नाही म्हटलं. पुढची रहदारी सुटली होती.